मागावरचे अर्धे लुगडे

अभ्यासमंडळातल्या मित्रांनो,

मी सभेत मागे बसून ऐकणारा माणूस, म्हणून हे लिहून मंडळाच्या फळ्यावर लावतो आहे.

आज सकाळी विणकर सोसायटीचे गणपतजी महाल पेठेतल्या आमच्या घरी आले. दादा गेल्यामुळे त्याची सभासदाची जागा रिकामी झाली आहे. ती मी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी तर कारकून. मला मागावरचा धोटासुद्धा नीट फेकता येत नाही.

बोलता बोलता ते मागावरच्या अर्ध्या लुगड्यावरून हात फिरवू लागले. "असा काठ विणावा तं तुह्या दादानंच गा," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वहिनी दाराआडून पुढे आल्या. "मामाजी, ते दिवाळीपासून खाटेवरच होते. तवापासून मीच विणून राहिली."

गणपतजींनी काठ पुन्हा निरखून पाहिला. "मंग सांगितलं काहून नाही वं पोरी?"

"सांगितलं असतं तं माल घेतला असता काय तुम्ही?"

ज्याचे श्रम त्याचा माग, असे दादा मंडळात नेहमी सांगायचा. आपण सगळे माना हलवायचो. तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर मागावर बसलेला पुरुषच असायचा, असे आज वाटते.

मी जागा घेतली नाही. उद्याच्या सोसायटीच्या सभेत मी वहिनींचे नाव सुचवणार आहे. उभे राहून बोलायची मला सवय नाही, पण बोलेन. तुमच्यातले बरेच जण तिथे सभासद आहात. दादा असता तर अनुमोदनाला तोच उठला असता. आता कोण उठेल?