बिरजूच्या दगडावरचं पाणी

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात नागभीडच्या बाजारात तंबूचा सिनेमा आला आणि लालसूच्या मागे नसती पीडा लागली. लढाईचा खेळ म्हणून आख्खं गाव बंड्या जुंपून निघालं. गावातून पलटणीत गेलेले दोघंच, लालसू आणि बिरजू. ब्रह्मदेशच्या लढाईतून परत आला एकटा लालसू, म्हणून सगळ्यांनी त्याला पुढे बसवलं.

पडद्यावरचा शिपाई काय मरत होता, वा रे वा! पोटात गोळी, पण कपड्याला चिखल नाही. दोस्ताच्या मांडीवर डोकं ठेवून तो गटागट पाणी प्यायला, आईला निरोप दिला, एक आख्खं गाणं म्हटलं आणि मग सावकाश डोळे मिटले. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. लालसू खाली बघून गवत उपटत बसला.

परतताना बिरजूच्या आईनं, रुखमानं, बंडीतच त्याला विचारलं, "माह्या बिरजूले पाणी तूनंच पाजलं ना?"

म्हातारीचं तोंड बघून लालसू हो म्हणून बसला.

झालं! इतकी वर्षं रुखमानं पोराचा दगड उभा केला नव्हता. या गोंडांच्या गावात मेलेल्याच्या नावानं दगड रोवतात, आणि त्यावर पहिलं पाणी ओततो तो, ज्यानं मरताना शेवटचं पाजलं असेल. बिरजूला कुणी पाजलं, हेच तिला ठाऊक नव्हतं. दगड नाही तोवर पोराला पितरांत जागा नाही. आता तिनं घरचा बोकड काढला, सोयऱ्यांना बोलावणं धाडलं.

दगड उभा राहिला. रुखमानं पाण्याचा गडवा लालसूच्या हातात दिला. सगळे वाट बघत होते, पण याचा हात काही पुढे होईना. खोट्या हाताचं पाणी मेलेल्याला पोचत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

"काकी, नाई पाजलं मी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, असा पलटणीचा हुकूम. लालसूच्या कमरेला बाटली भरलेली होती. बिरजू चिखलात पडून दिवसभर पाणी मागत होता, तेही गोंडीत, म्हणजे तिथं एकट्या लालसूला कळेल असं. सांजेला तो तसाच कोरड्या तोंडानं गेला. गाणं नाही, निरोप नाही.

रुखमा दगडाजवळ बसली. त्यावर हात फिरवत राहिली. आता ही आपल्याला हाकलणार, असं लालसूला वाटलं.

"मंग आता पाज," ती म्हणाली. "आता कोनाचा हुकूम नाई."

लालसूनं दगडावर गडवा रिता केला. रुखमानं तो पुन्हा भरून आणला.