त्याला मराठी कुठं येतंय?

कर्नाटकातल्या बाजारातून आणलेला बैल मुरूम गावी आमच्या दारात आला, पण गोठ्यात शिरेना. मी चुचकारलं, ओरडलो, शेवटी कासरा टाकून खाली बसलो. तेवढ्यात माझी चार वर्षांची लेक पुढं आली आणि तिच्या आईच्या माहेरच्या कानडीत त्याला "बा, बा", म्हणजे "ये, ये", म्हणू लागली. बैलानं कान टवकारले आणि तो निमूट तिच्यामागं आत गेला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाय. तो तिकडनं आलाय ना अण्णा, त्याला मराठी कुठं येतंय?"

समोरच्याला आपलं कळत नसेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी गल्लीभर सांगत फिरलो. परतलो, तर ती बैलाला मराठी शिकवत होती. "ही वैरण. हे पाणी. आणि हे माझे अण्णा. लई ओरडतेत, पण मारत न्हाईत."