जुन्या गावठाणातल्या निंबोळ्या

फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये तांदूळ, तेल, गॅस असं एकेक लिहून काढत होते. क्लासेस सुरू व्हायचे दिवस. नांदेड, किनवटहून मुली आपापल्या गाद्या घेऊन उतरत होत्या. पलीकडून थोरले दीर, नामदेवदादा, एवढंच म्हणाले, "तुझी अक्का गेली गं... सकाळी उठलीच न्हाई." मी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. अशा वेळी मला दुसरं काही येत नाही. आता काही आठवडे झाले. कामं उरकली, थकवा तेवढा राहिला.

कौसाक्का माझी थोरली जाऊ. औसा भागातलं आमचं गाव भूकंपात पडलं, त्यात तिची लेक मंगल गेली. शाळेत नुकतीच जाऊ लागली होती. पुढं नवं गाव वसलं, सरळ रस्ते, सारखी घरं. जुन्या गावठाणातलं काही नव्या घरात आणायचं नाही, हे गावानं न बोलताच ठरवून टाकलं. जाती, पाटे, दाराच्या चौकटी, सगळं तिथंच राहिलं. दादा तर त्या वाटेनं बैलसुद्धा नेत नसत. पण अक्काच्या पडक्या घरासमोर अंगणातला कडुलिंब उभा होता, आणि आषाढात त्याच्या निंबोळ्या गळू लागल्या की ती पाटी घेऊन निघायची.

पहिल्यांदा निघाली तेव्हा मी अजून गावीच राहत होते. दादा म्हणाले, "जाऊ नगं. तिथं काय ठिवलंय?" अक्का म्हणाली, "निंबोळ्या. तुरीला फवारायला लागतील." शेतीच्या कामाला नाही कसं म्हणणार? त्यांनी एकच अट घातली, घरात आणायच्या नाहीत. मग अक्कानं त्या गोठ्यात पसरल्या. गर चोळून काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या आणि तूर फुलावर आली की कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या. ते पाणी फडक्यानं गाळून, थोडा साबणाचा चुरा घालून, ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात त्याचा कडूपणा टिकत नाही, म्हणायची.

फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा रानातून आले ते हसतच. "अळी जिती हाय की! कडू पाणी पाजून कुटं मरती व्हय?"

"मरंना का. खाती का ते बघा."

"जिती हाय म्हंजे खाणारच."

"आपन शेडात जितेच हुतो की. खात हुतो का?"

भूकंपानंतरचे ते पत्र्याच्या शेडमधले दिवस... दादांनी पायावर पाणी घेतलं. म्हणाले, "आठवडाभर वाट बघतो. मग दुकानातनं औषधाची बाटली आणतो." बाटली आली की निंबोळ्यांचं काम संपणार आणि अक्काचं जुन्या गावठाणात जाणंही संपणार, हे आम्हा दोघींनाही कळलं. तो आठवडा ती तुरीतच होती. निंबोळीचं पाणी बारक्या अळीला आवरतं, मोठीला फारसं नाही. म्हणून ओळीत जुनं लुगडं अंथरायचं, झाडं हलवायची आणि पडलेल्या मोठ्या अळ्या वेचून कोंबड्यांना घालायच्या. शेजारीण बांधावरून विचारायची, "काय गं कौसे, तुरीला झोके देतीस का?" अक्का म्हणायची, "ये की, तुलाबी देते!" सगळी तूर वाचली नाही. पण बाटली आणावी इतकी गेलीही नाही. दरवर्षी हेच... दादांचा तोच टोमणा, तिचं तेच उत्तर. आमच्या मेसमधलं वरण पुढं कायम त्याच तुरीचं राहिलं.

तिचे गुडघे गेले तेव्हा मी एक व्यवस्था केली. आमच्या हॉस्टेलच्या रस्त्याला कडुलिंबाची रांग आहे. तिथल्या निंबोळ्या गोळा करून पोतं भरलं आणि गाडीत टाकून गावी नेलं. अक्कानं मूठभर हातात घेऊन पाहिल्या. "चांगल्या हायत," म्हणाली. पोतं नीट गोठ्यात पसरलं, आणि सकाळी काठी घेऊन जुन्या गावठाणाकडं निघाली. मी पाटी उचलली. तिथं बाभळी माजल्या होत्या. कडुलिंबाखाली ती बसली, हात पोचतील तेवढ्या निंबोळ्या ओढत राहिली. म्हणाली, "मंगली ह्या पिकल्या निंबोळ्या चोखायची. पोट बिघडंल म्हनून मी धपाटा घालायची..." मग हसली. "चल, तूर वाट बघती." मी परत कधी लातूरचं पोतं नेलं नाही.

यंदा पाऊस वेळेवर झाला. तूर पेरून झाल्याचं दादांनी कळवलं होतं. मी धरूनच चालले होते की आता दुकानातलं औषध येईल, आणि त्यात चूक तरी काय? म्हातारा एकटा माणूस. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. आधी पावसाचं बोलले, मग मुली किती आल्या ते विचारलं. मग म्हणाले, "ते निंबोळ्याचं... सावलीत वाळवायच्या का उन्हात?"

"सावलीत, दादा. आधी गर काढून."

"काढलाय. हात लई चिकट झाले बघ."

कुठल्या झाडाच्या, हे मी विचारलं नाही. कुठं पसरल्यात, एवढंच विचारलं.

"घरातच. फुडच्या खोलीत." आणि मी काही न विचारताच म्हणाले, "गोठा गळतो ना."

गोठा गेली कित्येक वर्षं गळतो आहे.