कूलरवाल्याची पानवेल

उन्हाळ्याशी कसं वागायचं हे आम्हा वर्धेकरांना कोणी शिकवायला लागत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा आणि दुपारभर खिडकीतल्या कूलरसमोर आडवं पडायचं. थंडीचं मात्र आम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. ती पाहुणी म्हणून येते, थोडे दिवस राहते, आणि आम्ही एका स्वेटरवर तिची बोळवण करतो. सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहणाऱ्या पुंडलिकरावांनी मात्र गेल्या हिवाळ्यात या पाहुणीशी उघड भांडण मांडलं. मी त्यांची भिंतीपलीकडची शेजारीण. सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि काही नाकाने सोसलेलं आहे.

पुंडलिकराव जन्मभर कूलरच्या धंद्यात होते. कूलर बनवणं, दुरुस्त करणं, लग्नाच्या मांडवाला भाड्याने देणं. अर्ध्या वर्धेच्या खिडक्यांचं माप त्यांना तोंडपाठ. आता दुकान जावई पाहतो, पण स्वभाव काही जावयाच्या स्वाधीन करता येत नाही. कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत उठून खिडकीला हात लावून बघतात. जगातल्या सगळ्या अडचणी हवा नीट न खेळल्यामुळे होतात असं त्यांचं मत आहे. माझ्या गुडघेदुखीवरही त्यांनी एक्झॉस्ट फॅन सुचवला होता.

अशा माणसावर एखादी गोष्ट गरम ठेवण्याची पाळी यावी, हे सगळं पानवेलीमुळे झालं.

त्यांच्या पत्नी शोभाबाई तळेगावच्या. श्यामजी पंतांच्या तळेगावच्या. तिथे त्यांच्या वडिलांचा पानमळा होता. वडील गेले, मळा धाकट्या भावाकडे, बंडूजींकडे आला, आणि गेल्या दिवाळीत बंडूजींनी तो मुळासकट उपटून तिथे संत्र्याची कलमं लावली. त्यांचंही फार चुकलं असं नाही. पानमळ्यात आंघोळ केल्याशिवाय आणि चप्पल घालून पाय टाकायचा नाही, ही त्या घराची पिढ्यांची रीत. आजकाल कामाला वेळेवर येणारा माणूस मिळणं मुश्कील, तिथे आंघोळ करून येणारा कुठून आणायचा? पण शोभाबाईंना हे कोणी आधी सांगितलं नाही. त्या भाऊबीजेला गेल्या तेव्हा वेलींचा ढीग बांधावर पडलेला होता. त्यांनी ओवाळलं नाही. ढिगातून जिवंत वाटले ते चार तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळले, एसटीत मांडीवर घेऊन आल्या आणि घरामागच्या मोकळ्या जागेत लावले. तेव्हापासून भावाशी अबोला.

त्या रडल्या असत्या तर पुंडलिकरावांना सोपं गेलं असतं. त्या गप्प झाल्या. शोभाबाईंचं हसू आमच्या घरात ऐकू यायचं, ते बंद झालं. एकदा फक्त मला म्हणाल्या, "समीक्षाताई, बाबाच्या हातची एवढीच राह्यली. हे गेली का मळा संपला." हे पुंडलिकरावांनी ऐकलं होतं. पुढे जे काही झालं ते त्यांनी झाडाच्या प्रेमापोटी केलं असं कोणी समजू नये. त्यांना झाडातलं ओ का ठो कळत नाही.

डिसेंबरात थंडी पडली. पानवेलीला थंडी सोसत नाही. एक तुकडा काळा पडून गेला, दुसऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. पुंडलिकरावांनी गोदामातून जुन्या कूलरचे लोखंडी सांगाडे आणले, एकमेकांना जोडले, वरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं आणि कूलरच्याच पत्र्याचं दार लावलं. ग्रीन हाऊस तयार. काम देखणं होतं, ते मान्य केलं पाहिजे. फक्त सवयीने त्यांनी समोरासमोर दोन झरोके ठेवले आणि एका झरोक्यात पंखा बसवला. हवा छान खेळू लागली. सकाळी आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. गल्लीतले लोक त्याला पुंडलिकरावांचा मोठा कूलर म्हणू लागले, आणि त्यांना ते लागलं.

झरोके बुजवले. मग दुसरी अडचण उभी राहिली. शोभाबाईंनी माहेरची रीत इथे चालू केली. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही. पुंडलिकराव हिवाळ्यात आंघोळीकडे जरा तत्त्वज्ञानाने पाहतात. पहाटे वेलीचं काय झालं हे बघायला ते मफलर गुंडाळून हळूच निघायचे, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा.

"आंघोळ झाली का?"

"अंधारात कोण पाहून राह्यलं मले?"

"वेल पाहून राह्यली."

पुंडलिकराव बाहेरूनच प्लॅस्टिकला नाक लावून उभे राहायचे. त्यांच्या श्वासाने प्लॅस्टिक धुरकट व्हायचं आणि आतलं काहीच दिसायचं नाही.

नंतर त्यांनी डोकं चालवलं. कूलर हवा घेतो, गार करतो आणि आत फेकतो. मागच्या गवताच्या जाळीच्या जागी पेटती शेगडी ठेवली तर गरम हवा फेकेल की नाही? मला त्यांनी हे भिंतीवरून अशा उत्साहाने समजावलं की मीही मान हलवली. ती माझी चूक. एक झरोका पुन्हा उघडून तिथे बाहेरून कूलर लावला, शेगडी पेटवली, बटण दाबलं. कोळसा ओलसर होता. पंख्याने आधी राख ओढली, मग धूर, मग ठिणग्या, आणि सगळं एकदम ग्रीन हाऊसमध्ये. प्लॅस्टिकच्या प्रत्येक फटीतून धूर बाहेर पडू लागला आणि मी नुकत्याच धुऊन वाळत घातलेल्या दोन गोधड्यांवर येऊन बसला. समोरचे किराणावाले हिरालाल भरलेली बादली घेऊन धावत आले, आणि आग कुठे आहे हे न दिसल्यामुळे त्यांनी ती जे समोर दिसलं त्यावर ओतली. समोर पुंडलिकराव होते.

ते नखशिखांत भिजले, थरथरत उभे राहिले आणि शोभाबाईंना म्हणाले, आता आंघोळ झाली, आता तरी आत जाऊ दे. शोभाबाईंनी त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. चप्पल होती.

आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. धुराने आणखी एक वेल वाकली होती आणि दोन दिवसांत तीही गेली. दोन राहिल्या. त्या संध्याकाळी पुंडलिकराव कट्ट्यावर बसून होते, मी गोधड्यांबद्दल चार शब्द सुनावायला गेले होते, पण त्यांचा चेहरा बघून नुसती बसले. ते म्हणाले, "जन्मभर लोकाईले गार केलं मी. घरच्या माणसाले ऊब नाई देता येऊन राह्यली." मी त्यांच्यावर फार रागवायचं ठरवलं होतं, पण राग आलाच नाही.

आता मात्र रोज पहाटे वेलीला हात लावून बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. म्हणजे आंघोळ आलीच. गार पाण्याचं धाडस त्यांच्यात नव्हतं आणि गॅसच्या गिझरचं पाणी पहाटे कोमट यायचं. म्हणून माळ्यावरचा तांब्याचा जुना बंब खाली आला. अल्लीपूरच्या चुलतभावाकडून त्यांनी वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे आणवले. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ही झाडं, आमच्याकडचं हुकमी जळण. बंब मागच्या अंगणात ठेवला. पण तिथे वारा लागायचा, पाणी तापायला तास लागायचा. आडोशाची जागा एकच, ग्रीन हाऊस. पुंडलिकरावांनी बंब आत ठेवायचा ठरवला.

आणि इथे सगळं अडलं. बंब पेटवायला आत जायला हवं. आत जायला आंघोळ हवी. आंघोळीला गरम पाणी हवं. गरम पाण्याला बंब पेटवायला हवा. पुंडलिकराव पऱ्हाट्या काखेत धरून दाराशी उभे राहिले आणि हा हिशेब तीन-चारदा करून परत आले. मी सुचवलं की एक दिवस रीत राहू द्या बाजूला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा काही सुचवलं नाही. बायकोच्या बापाचा मळा होता तो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रा कापण्याचा आवाज आला. भिंतीवरून डोकावले तर पुंडलिकराव ग्रीन हाऊसला खिडकी पाडत होते. मला वाटलं, पुन्हा हवा खेळवणार. पण ते खिडकीत कूलर बसवतात तसा बंब बसवत होते. अर्धं पोट आत, अर्धं बाहेर. तोटी बाहेर. पऱ्हाट्या घालायचं तोंड बाहेरून हाताला येईल असं. धुरासाठी पत्र्याची वाकडी नळी, माझ्या अंगणाच्या विरुद्ध दिशेला. प्लॅस्टिक वितळू नये म्हणून सभोवती कूलरच्या बाजूचा पत्रा. जन्मभर खिडकीत जे बसवलं तेच त्यांनी बसवलं, फक्त आत गार हवेऐवजी गरम हवा जात होती.

संध्याकाळी बंब भरून पेटवला. पाणी तापलं, तांबं तापलं, आणि झोपायच्या वेळी प्लॅस्टिकला आतून घाम फुटला. पहाटे बंबाचं पोट कोमट होतं आणि तोटीतून आंघोळीपुरतं पाणी येत होतं. पुंडलिकराव बाहेरच्या दगडावर बसून न्हाले, अनवाणी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. शोभाबाई चहा घेऊन दाराशी गेल्या तर ते वेलीशेजारी लोखंडी सांगाड्याला टेकून घोरत होते. वर्धेत त्या दिवशी तेवढी एकच जागा उबदार होती. तेव्हा शोभाबाई हसल्या. आमच्या घरात ऐकू आलं.

जानेवारीतली सगळ्यात कडक थंडी त्या दोन वेलींनी काढली. एकीने तर कोवळं पान काढलं, करंगळीच्या नखाएवढं. शोभाबाईंनी मला बोलावलं. मीही आंघोळ करूनच गेले, सांगायला लाज कसली, रविवार होता आणि मी ती टाळणार होते.

आणि संक्रांतीनंतर एका सकाळी बंडूजी आले. पोतंभर संत्री घेऊन, न कळवता. बहिणीने दार उघडलं, पाणी दिलं, आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली. माणूस तसा भला, पण बिचारा पोतं घेऊन ओसरीत असा बसला होता की बघवेना. पुंडलिकरावांना शांतता सोसत नाही. ते त्याला आपला बंब दाखवायला मागे घेऊन गेले. हे कसं कापलं, ते कसं जोडलं, सगळं सांगितलं. बंडूजी ऐकत नव्हते. ते प्लॅस्टिकमधून आत बघत होते.

मी तुळशीला पाणी घालत होते, थांबले. शोभाबाईही मागच्या दारात येऊन उभ्या होत्या.

बंडूजींनी खाली वाकून बूट काढले. मग मोजे काढले. दारावर हात ठेवला आणि तसेच थांबले. मागे वळून बहिणीला म्हणाले, "बाई, आंघोळीले गरम पाणी हाय का?"

शोभाबाईंनी बादली आणून तोटीखाली ठेवली आणि तोटी सोडली. बंबातलं उरलेलं सगळं पाणी त्यात गेलं. माझे डोळे भरून आले, आणि पुंडलिकराव तर उगाच पऱ्हाट्या मोडत बसले.

ओल्या केसांनी, पुंडलिकरावांचा धुतलेला पायजमा घालून भाऊ आत गेला. वेलीजवळ उकिडवा बसला, मातीला हात लावला, हात कपाळाला लावला. बाहेर येऊन म्हणाला, "एक फांदी देशीन का? संत्र्याच्या कोपऱ्यात लावतो."

शोभाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"देईन ना," त्या म्हणाल्या. "होळीले घ्याले येजो. अन् येताना याइच्याकून बंब बसवाचं शिकून जाजो."