पोर्चवर पिठाची खोली

आमच्या सायवनच्या घराचा पोर्च बांधला तेव्हा खांबांच्या सळ्या वर तशाच ठेवल्या होत्या, पुढेमागे खोली चढवू म्हणून. माझं लग्न झालं, पोरी झाल्या, सळ्यांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घालून झाल्या, पण खोली काही चढेना! सासू-सासरे, आम्ही दोघं, पोरी, सगळे एकाच खोलीत. साडी बदलायची तरी मी मोरीत जायचे.

यंदा भात झोडून झालं आणि डहाणूचा मिस्त्री बघून गेला. "खांब दणकट आहेत, बिनधास्त चढवा," म्हणाला. मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता! लगेच वेवजीला माहेरी फोन करून मोकळी झाले. पण यांनी बजावलं, "आई हो म्हणत नाही तोवर विटा यायच्या नाहीत."

कारण पोर्चचा स्लॅब म्हणजे सासूबाईंचं राज्य. नागली, पापड, सुकट, सगळं वाळवण तिथंच. मी खोलीचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "आणि माझी नागली काय तुझ्या डोक्यावर वाळवू?"

मला कुठला धीर! एका सकाळी शिडी लावली आणि वर जाऊन खोलीच आखली. पुढचा पट्टा वाळवणाला सोडला, मागे खोली. मिस्त्री लोक चुन्याची फक्की टाकतात. चुना घरात नव्हता, तांदळाचं पीठ होतं. लग्नाचा चौक पिठानंच काढतो आम्ही, हात आपसूक डब्याकडे गेला. भिंती काढल्या, दाराला जागा सोडली, पलंग कुठं, आरसा कुठं, सगळं ठरवलं. एका कडेची भिंत साळुंक्यांनी खाल्ली, मेल्यांनी! ती पुन्हा काढली. मग आतल्या आत चकरा मारत बसले. माझी खोली! हसू आवरेना.

तेवढ्यात सासूबाई नागलीची टोपली घेऊन वर आल्या. त्यांची नेहमीची जागा बरोबर मधोमध, आणि भोवती पिठाची रेघ. आमच्या घरात पिठाची रेघ कुणी तुडवत नाही, ओलांडतही नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं बाई, हे काय करून ठेवलंस? आता मी आत जाऊ कशी?"

संपलं, म्हटलं. खोली तर गेलीच, वर बोलणी. "पुसते हं, आई," म्हणत मी पाय पुढे केला.

"पीठ पायानं पुसतेस होय? राहू दे."

त्या रेघेच्या कडेकडेनं चालत दाराच्या मोकळ्या जागेशी आल्या. थांबल्या. चपला काढल्या, रेघेबाहेर नीट ठेवल्या आणि आत आल्या. टोपली बाजूला ठेवून खाली बसल्या, चारी बाजूंना बघितलं. माझा जीव टांगणीला.

"खिडकी कुठंय?"

"मागच्या बाजूला, आई. डोंगराकडे."

"डोंगर काय पळून जातोय? पुढं घे. आणि जरा खाली घे, इथं बसून मला वाळवण राखता आलं पाहिजे."

मी धावले ती दारातूनच बाहेर, आणि स्लॅबच्या कडेवरून खाली ओरडले, "अहो, विटा सांगा!"