उजवी कळी

"बस बाबा, बस. तुला कुनी उठवत न्हाई."

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गव्याच्या कुंपणाशी उभं राहून मावशी हे म्हणायच्या. दोन्ही हात कठड्यावर, पदर कानामागे खोचलेला. समोर तो काळाकभिन्न प्राणी, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय पोटाशी घेऊन रवंथ करत बसलेला. तुम्ही कधी मुलांना घेऊन तिकडे गेला असाल तर त्यांना पाहिलंही असेल आणि कोणी वेडसर म्हातारी समजून पुढे गेला असाल. बुधवारी प्राण्यांना सुट्टी असते. त्या दिवशी मावशींना करमत नसे.

माझं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं. तिथल्याच शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर कात्रजला फ्लॅट घेतला. माझ्या नातेवाइकांच्या लेखी मी परमुलखात गेले. ते भेटायला येतात तेव्हा पाण्याची बाटली बरोबर आणतात. इथे माझी पहिली ओळख झाली ती मावशींशी. त्या आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, मुलगा आणि सुनेकडे राहायच्या.

"गव्यावर भारी माया दिसते तुमची," मी एकदा म्हटलं.

"माया कशाची? आमच्या नाचनीची पार माती करायचा ह्यो. डबा वाजवून वाजवून हात दुखायचे."

"मग रोज कशाला येता भेटायला?"

"गाववाला हाय न्हवं," त्या म्हणाल्या.

मावशींचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडच्या रानात होतं. तिथे अभयारण्य झालं आणि काही वर्षांनी गाव उठलं. लोकांना दूर एका माळावर जमिनी मिळाल्या. मावशींच्या शब्दांत सांगायचं तर तिथे ऊन तेवढं भरपूर पिकायचं. यजमान तिथेच वारले आणि मुलाने त्यांना पुण्याला आणलं.

मी आमच्या निसर्गमंडळाबरोबर जंगलं फिरायची. भीमाशंकरला शेकरू, राधानगरीला गवे, चांदोलीला वाघाच्या पावलाचा ठसा. ठसाच, वाघ आमच्या मंडळाला आजवर दिसलेला नाही. परत आले की मोठ्या उत्साहाने मावशींना फोटो दाखवायची. त्या सगळे फोटो शांतपणे बघायच्या आणि शेवटी विचारायच्या, "मानसं भेटली का?"

"अभयारण्यात माणसं कशी असतील, मावशी?"

"व्हती की," त्या म्हणायच्या.

त्यांची देवी मात्र अजून रानातच होती. वर्षातून एकदा, चैत्रात, गावकऱ्यांना यात्रेसाठी आत जाऊ देत. मावशींनी एकही यात्रा चुकवली नव्हती. लाँचमधून पाणी ओलांडायचं, मग चढ चढून देवळात जायचं, देवीची ओटी भरायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. एका वर्षी गुडघ्यांनी साफ नकार दिला. यात्रा जवळ आली तशा त्या गप्प होत गेल्या. एक दिवस दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांनी मला बोलावलं.

"बाई, दार लावून घ्या," त्या म्हणाल्या.

गाव उठायचं ठरलं तेव्हा गावाने देवीला कौल लावला होता. देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारायचं एवढंच होतं, की आई, आमच्याबरोबर येतेस का? मावशींचे यजमान देवीचे गुरव, त्यामुळे कळ्यांचं ताट मावशींच्या हातात होतं.

"उजवीकडच्या कळीला म्या फनसाचा चीक लावला," मावशी खाली बघत म्हणाल्या. "ती पडायचीच न्हाई."

"अहो, पण का?"

"देवी न्हाई म्हनली तर गाव कसा हलंल? आईला टाकून कोन जातंय, आसं वाटलं मला."

डावी कळी पडली. गाव देवळात बसून रडलं. मग ट्रक आले, तेव्हा सगळे ट्रकमध्ये बसले आणि देवी तेवढी मागे राहिली.

"तिला यायचं आसंल वो. मीच तिला एकटी ठिवली रानात. दिवा लावाया बी कुनी न्हाई." यजमान असेपर्यंत सांगायचा धीर झाला नव्हता. मुलाला सांगायची लाज वाटत होती. दर चैत्रात पायरीवर डोकं टेकायचं आणि तसंच परत यायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं.

त्यांचं मागणं साधं होतं. मुलगा जाणारच होता, गुरवकी आता त्याच्याकडे होती. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मी बरोबर जायचं आणि ताट मी धरायचं. "नुसतं पानी, बाई. दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ नका."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर आनायची तिला. ग्यालरीत जागा हाय. मी बघून ठिवलीया."

माझा देवाधर्मावरचा विश्वास बेताचाच. पण त्या काळोख्या गाभाऱ्यात मी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले. मावशींचा मुलगा स्पेअर पार्टच्या दुकानात काम करणारा, अबोल माणूस. "आईचं कायतरी," एवढंच म्हणून त्याने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. मी मनातल्या मनात डावी कळी पड म्हणत होते. म्हातारीच्या डोक्यावरचं ओझं उतरावं, एवढाच माझा हेतू होता.

डावी कळी पडली. उजवी पाण्यानेच चिकटून राहिली होती. मी बोट लावून पाहिलं, तशी तीही खाली आली.

"तिचं म्हननं तेच हाय," दारात बसलेले एक म्हातारे म्हणाले.

परतल्यावर मी आधी मावशींकडे गेले. आनंदाची बातमी घेऊन निघालेल्या माणसासारखी घाईने गेले. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. गॅलरीतल्या कुंड्या एका बाजूला सारून फरशी धुतली होती. मध्ये पाट होता आणि पाटाभोवती रांगोळी.

"डावी पडली, मावशी."

"डावी?"

"डावी."

"पानीच व्हतं न्हवं?"

"पाणीच होतं. म्हणजे तुमचा काही दोष नाही. चीक लावला नसतात तरी तेच झालं असतं. तिलाच तिथे राहायचं होतं."

मावशींनी पाटाकडे पाहिलं. "इतकी वर्सं वाटायचं, म्या आडवली म्हनून ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "म्हंजी तिला आमी नगोच व्हतो."

त्या भिंतीला धरून उठल्या, रांगोळीवरून ओलं फडकं फिरवलं आणि एकेक कुंडी जागेवर ठेवू लागल्या. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी दमला आसाल."

त्यानंतर त्या गव्याकडे गेल्या नाहीत. मी बोलवायला जायची. "तो हाय तितं बरा हाय," म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. नवरात्राच्या जरा आधी त्या गेल्या. माझ्या हातून काही चूक झाली असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण फार वाईट वाटतं. अपराधाच्या आड त्या बाईने एक आशा जपून ठेवली होती, आणि मी ताट धरून ती मोडून आले.

या चैत्रात मी पुन्हा गेले. मावशींच्या नावाने ओटी भरली. परतताना मुलगा वाट सोडून थोडा वर गेला आणि त्याने मला लांबूनच त्यांच्या घराचं जोतं दाखवलं. भिंती नाहीत, छप्पर नाही, कडेने करवंदीच्या जाळ्या. आणि जोत्यावर, जिथे पडवी असावी तिथे, एक गवा बसला होता. पांढरे पाय पोटाशी घेऊन रवंथ करत होता.

"हितंच बसायची आई," मुलगा म्हणाला. त्याने खाली वाकून दगड उचलला. बराच वेळ तो दगड त्याच्या हातात होता. मग त्याने तो हळूच खाली ठेवला.

"बस बाबा, बस," तो पुटपुटला. "तुला कुनी उठवत न्हाई."

त्याचा आवाज थेट मावशींसारखा आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं. आम्ही वळसा घालून लाँचकडे उतरलो.