पाच हजार खोक्यांचा लाल

माझे बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि ओमती भागात छपाईचं एक जुनं ऑफसेट मशीन घेऊन बसले. मी तेव्हा शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. दोन वर्षांनी नोकरी सोडून त्यांच्या प्रेसमध्ये आले. नातेवाईक म्हणाले, एवढी शिकलेली मुलगी शाईत हात काळे करते. पण शाई मिसळणं हेही रसायनशास्त्रच, आणि ते मला बाबांपेक्षा चांगलं जमतं. हे सांगायला मला जराही संकोच वाटत नाही.

गेल्या वर्षी महाराजपूरहून एक बाई आल्या. त्या घरीच मसाले कुटून दुकानांना द्यायच्या. त्यांनी पिशवीतून मसाल्याची दोन रिकामी खोकी काढून टेबलावर ठेवली. अक्षरं तीच, चित्र तेच, पण एक गडद लाल होतं आणि दुसरं नारिंगीकडे झुकलेलं.

"दीदी, दोनों मेरे ही हैं," त्या म्हणाल्या. "पर दुकानवाले ने एक को नकली बताकर माल लौटा दिया."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. लागतील तशी शंभर-शंभर खोकी त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी डिजिटलवर छापून घेतली होती. मी त्यांना खरं तेच सांगितलं. शंभर खोक्यांना डिजिटलच बरं, तेवढ्यासाठी प्लेट बनवण्यात अर्थ नाही. पण आता त्यांना पाच हजार हवी होती. एवढ्या मोठ्या कामात ऑफसेट स्वस्त पडतं. शिवाय त्यांचा लाल मी वेगळा घोटून देऊ शकत होते, म्हणजे चार रंगांचे ठिपके छापून तो बनवायला नको आणि दर खेपेला बदलायलाही नको.

"पहला और आखिरी, दोनों एक जैसे?" बाईंनी विचारलं.

"बिल्कुल एक जैसे," मी म्हटलं.

बाई गडद लाल खोकं नमुन्याला ठेवून गेल्यावर मी काचेवर लाल शाई घेतली, त्यात थोडी पिवळी घोटली. बाबा शेजारी उभे होते.

"थोडा काळा टाक ना."

"काळ्यानं रंग मळतो, बाबा. निळ्याचा एक ठिपका पुरे."

बोटानं शाई कार्डाच्या तुकड्यावर थापटली आणि दाराशी उजेडात खोक्याला लावून पाहिली. जुळली. बाबा लगेच मशीनकडे वळले.

"आज नाही. वाळू द्या."

"जुळला ना रंग! मग काहून थांबून राहिली?"

मी ऐकलं नाही. सकाळी पाहिलं तर तुकडा वाळून निस्तेज झाला होता. बाबांनी शाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी पुन्हा घोटली, पुन्हा वाळवली. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं.

बाबा मशीनवर, आणि मी थोड्या थोड्या वेळानं एक कागद उचलून नमुन्याशी ताडून पाहत होते. अर्धं काम झाल्यावर मला एक कागद किंचित फिका वाटला.

"थांबवा!"

"मला तर काही दिसत नाही," बाबा म्हणाले. तरी त्यांनी मशीन थांबवलं. प्लेटवर शाईसोबत येणारं पाणी जास्त झालं होतं, त्यानं रंग फिका पडत होता. ते कमी करून पुढचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी धरले, तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हो गं. तुझी नजर माझ्याहून तेज आहे."

ज्या माणसानं जन्मभर कारखान्यात केसाएवढी चूक शोधली, त्याच्या तोंडून हे ऐकताना माझा ऊर भरून आला. फिके कागद आम्ही बाजूला काढले आणि तेवढे पुन्हा छापले.

सहा महिन्यांनी बाई परत आल्या, अजून पाच हजार हवीत म्हणून. शाईचं माप मी वहीत लिहून ठेवलं होतं, ग्रॅममध्ये. त्याच मापानं घोटली, त्याच नमुन्याशी जुळवली. माल घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी जुनं एक खोकं नव्यांत मिसळलं आणि मग त्यांनाच ते सापडेना. हसत सुटल्या.

मागच्या आठवड्यात दीक्षितपुऱ्यात एका किराणा दुकानात गेले होते. वरच्या फळीवर ती खोकी ओळीनं मांडलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल. घरी मसाला भरपूर होता, तरी एक मागितलं. दुकानदारानं न बघताच मधलं एक काढून दिलं.